नेरूळच्या काकूंचा रोहित पक्ष्यांचा फोटो: ॲक्रिलिकवर लावायची पद्धत कशी ठरली

गेल्या वर्षी मे संपता संपता नेरूळहून एक काकू आमच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या फ्रेमच्या वर्कशॉपवर आल्या. सोबत भाचा होता आणि त्याच्या हातात चादरीत गुंडाळलेली फ्रेम. चादर सोडली तर आत खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंचा, २० बाय ३० इंची फोटो. काकूंच्या यजमानांनी २०१२ साली भल्या पहाटे पाणथळीवर काढलेला. वर फिकट आभाळ, मधे गुलाबी पट्टा, आणि खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिवरांचा काळोख. कोपऱ्यात चंदेरी मार्करने केलेली सही. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती.

काकूंनी कोणाच्या तरी घरी ॲक्रिलिकवर चिकटवलेला फोटो पाहिला होता. "रंग आतून उजळल्यासारखे दिसतात रे. आमचा हाच फोटो तसा करून दे. गणपतीला सगळे घरी येतात, त्याआधी भिंतीवर लागला पाहिजे." त्यांचा जोर 'हाच' या शब्दावर होता, आणि तिथेच मला थांबावं लागलं.

ॲक्रिलिकला फोटो दर्शनी बाजूने चिकटवणं याला धंद्यात फेस माउंट म्हणतात. प्रिंटची चित्राची बाजू पारदर्शक थराने ॲक्रिलिकच्या पाठीला कायमची जोडायची, मधे हवा शिल्लक ठेवायची नाही. नेहमीच्या फ्रेममध्ये काचेचा पुढचा पृष्ठभाग, मागचा पृष्ठभाग आणि प्रिंटचा स्वतःचा पृष्ठभाग, अशा तीन ठिकाणी थोडा थोडा प्रकाश परत फिरतो. हवा आणि काच भेटतात तिथे साधारण ४ टक्के, ॲक्रिलिकचंही तेवढंच. हा परतलेला प्रकाश काळ्या भागावर राखाडी पडद्यासारखा बसतो. मधली हवा काढली की बाहेरचा एकच पृष्ठभाग उरतो, काळा खरोखर काळा होतो आणि रंग खोल जातात. काकूंना जे 'आतून उजळलेलं' वाटलं ते हेच.

पद्धत जुनी आहे. हाइन्झ सोव्हिला-ब्रुलहार्ट यांनी १९६९ मध्ये सिलिकॉनने प्रिंट ॲक्रिलिकला जोडायची रीत काढली, ती 'डायसेक' नावाने ओळखली जाते. पुढे जर्मन छायाचित्रकारांनी ती मोठ्या आकारात वापरली. आंद्रेआस गुर्स्कीचं १९९९ चं 'ऱ्हाइन २' हे असंच ॲक्रिलिकवर लावलेलं प्रिंट, २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरच्या वर गेलं. एवढी किंमत येत असली तरी मूळ अट बदलत नाही. एकदा चिकटलं की प्रिंट धडपणे सुटत नाही. ॲक्रिलिकवर खोल ओरखडा पडला तर तो चित्रावरच पडला म्हणायचं.

म्हणून माझा पहिला प्रश्न गोंदाचा नसतोच. हे प्रिंट पुन्हा काढता येईल का, हे मी आधी विचारतो.

काकूंचं प्रिंट पुन्हा काढता येण्यासारखं नव्हतं, कारण त्यावर सही होती. शिवाय कागद सिल्क फिनिशचा, बारीक खडबडीत पोताचा. मार्करची शाई गोंदाखाली कशी वागेल याचा भरवसा देणं मला शक्य नव्हतं. आणि फ्रेम मागून उघडल्यावर तिसरी गोष्ट दिसली. वरच्या उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या भागात, प्रिंट काचेला चिकटलं होतं.

आपल्याकडे हे घराघरात आहे. आजोबांचा फोटो, आईवडिलांच्या लग्नाचा फोटो, काचेला थेट टेकवून फ्रेम केलेला. पावसाळ्यात प्रिंटवरचा जिलेटिनचा थर ओल धरतो, मऊ पडतो आणि काचेला बसतो. बाहेरून तिथे ओला डाग असल्यासारखा दिसतो. तो ओढून काढायचा नाही. ओढलं की जिलेटिनसकट चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. मी काकूंना तो कोपरा बॅटरीच्या उजेडात दाखवला आणि म्हटलं, "काकू, हे आता आहे तसंच ठेवायचं. सहीचा भाग सुटा आहे, तो आपण वाचवू." फ्रेममध्ये कडेने ५ मिलिमीटरच्या पट्ट्या घालून बाकीचं प्रिंट काचेपासून लांब ठेवणं इथे जमणार नव्हतं, कारण कोपरा धरलेला होता. म्हणून काच आणि प्रिंट एकत्रच ठेवले, मागचा ओल धरलेला पुठ्ठा काढून आम्लरहित बोर्ड लावला आणि फ्रेम बेडरूमच्या कोरड्या भिंतीवर टांगायला सांगितली. ज्यांना असं प्रिंट सोडवूनच हवं असेल त्यांनी ते संवर्धकाकडेच न्यावं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे. फ्रेमवाल्याने, म्हणजे मीसुद्धा, तिथे हात घालू नये.

काकू थोड्या हिरमुसल्या. मग भाच्यानेच विचारलं, "मामांच्या डीव्हीडी कपाटात आहेत, त्यात या फोटोची मूळ फाइल असेल का?"

होती. पाकिटावर त्यांच्या अक्षरात तारीख आणि 'पाणथळ, पहाट' एवढंच. माझ्या जुन्या ड्राइव्हवर तिसऱ्या प्रयत्नात ती डीव्हीडी वाचली गेली. मूळ फाइल ४२८८ बाय २८४८ पिक्सेल, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा. काकूंच्या मनात पाच फूट रुंद चित्र होतं. हिशोब मांडला: ६० इंच रुंदीला इंचामागे जेमतेम ७१ पिक्सेल, ३६ इंचाला ११९. दिवाणखान्यात सोफ्यावरून, सहा-सात फुटांवरून पाहायचं चित्र आहे, तिथे ११९ चालतं. फेस माउंट मात्र माणसाला जवळ ओढतो. त्या झळाळीत फाटलेले पिक्सेल दडत नाहीत, उलट अधिक उघडे पडतात. त्यामुळे आकार ३६ बाय २४ इंच ठरला. पुढच्या बऱ्याच गोष्टी या एका आकड्याने सोप्या केल्या.

भिंत पाहायला मी जूनच्या पहिल्या आठवड्यात नेरूळला गेलो. हे मी फोनवर ठरवत नाही. काकूंनी योजलेली जागा बाल्कनीच्या अगदी समोर होती. तीन मिलिमीटर ॲक्रिलिकचा एक तुकडा, मागे काळा कागद लावून, मी नेहमी सोबत नेतो. दुपारी साडेचारला तो त्या भिंतीवर धरला. त्यात समोरची इमारत, बाल्कनीचं ग्रिल आणि दोरीवर वाळत घातलेला हिरवा टॉवेल, सगळं स्पष्ट दिसलं. तिवरांच्या काळ्या भागात काकूंना रोज टॉवेल दिसला असता. मॅट ॲक्रिलिक घेऊन चकाकी मारता येते, पण मग ज्या खोलपणासाठी हा सगळा खर्च करायचा तीच हरवते. चकाकी नको असेल तर फेस माउंट करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साधी फ्रेम, मॅट प्रिंट, झालं.

दुसरं म्हणजे त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर होतं. हाताला थंड लागली म्हणून प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून आलो. दुसऱ्या दिवशी भाच्याने फोटो पाठवला, प्लास्टिकच्या आत बारीक थेंब. ॲक्रिलिक स्वतःसुद्धा ओल पितं. एका बाजूने जास्त प्यायलं की त्या बाजूने फुगतं आणि मोठा तुकडा कमानीसारखा वाकतो. जागा बदलून बाजूची, जेवणाच्या टेबलाजवळची भिंत घेतली. तिथे ॲक्रिलिकच्या तुकड्यात फक्त छताचा कोपरा दिसत होता.

आता पद्धत. माझ्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली सिलिकॉनची. ॲक्रिलिकवर प्रायमर, मग पातळ पारदर्शक सिलिकॉनचा थर, त्यावर प्रिंट, दाब, आणि मग ते सुकेपर्यंत वाट पाहायची. द्रव असल्यामुळे ते कागदाच्या पोतातले खड्डे भरतं, म्हणून काळा सगळ्यांत खोल याच पद्धतीत येतो. सुकल्यावरही लवचीक राहतं, आणि मोठ्या आकारात त्याचं मोल फार. ॲक्रिलिक उष्णतेने बरंच पसरतं. पाच फुटांचा तुकडा १० अंशांच्या फरकाने साधारण एक मिलिमीटर वाढतो, तर मागे लावलेला एसीपी पत्रा (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा) त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. ही ओढाताण मधल्या थराला सोसावी लागते. पण या कामाला धूळमुक्त खोली आणि मुरलेला हात लागतो. माझ्याकडे ती खोली नाही, म्हणून मी सिलिकॉनचं काम घेत नाही, बाहेर पाठवतो. खिडकीच्या काचेला लावतात ते हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन फासून फोटो चिकटवायचे व्हिडिओ फिरतात. कृपा करून ते करू नका. ते जाड असतं, नीट पसरत नाही, दुधट दिसतं, आणि व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारात सुकताना आम्ल सुटतं.

दुसरी वाट दुहेरी चिकट पारदर्शक फिल्मची. गोंदाचा तयार, एकसारखा पातळ थर, दोन्ही बाजूंना रिलीज लाइनर, म्हणजे लावताना सोलून काढायचा कागद. कोल्ड लॅमिनेशनच्या, म्हणजे उष्णतेशिवाय चालणाऱ्या रोलरमधून दाबून लावायची. जलद, कोरडी, स्वच्छ. हिचा मोठा शत्रू म्हणजे सिल्व्हरिंग. गोंद कागदाच्या पोतात पूर्ण उतरला नाही की सूक्ष्म हवा अडकते आणि तिरक्या उजेडात चंदेरी झाक दिसते. आभाळावर ती लपते, काळ्यावर चमकते. आपल्या चित्राचा तिसरा हिस्सा काळा होता.

तिसरी वाट म्हणजे कागद नकोच. ॲक्रिलिकच्या पाठीवर उलटं चित्र थेट यूव्ही शाईने, म्हणजे अतिनील प्रकाशात लगेच सुकणाऱ्या शाईने छापायचं, वर पांढऱ्या शाईचा थर द्यायचा. साइन बोर्डवाल्यांकडे आता ही मशीनं सर्रास असतात, आणि 'ॲक्रिलिक फोटो' म्हणून स्वस्तात मिळतं ते बऱ्याचदा हेच. याला कमी लेखू नये. दवाखान्याच्या वेटिंग रूमला, ओल असलेल्या लॉबीला मी हेच सुचवतो, कारण ओल धरायला मधे कागदच नसतो.

काकूंना शब्दांनी समजावण्यात अर्थ नव्हता. तिवरांचा काळा आणि पक्ष्यांचा गुलाबी जिथे भेटतात तेवढाच भाग घेऊन ८ बाय १० इंचांचे तीन नमुने केले. एक, लस्टर, म्हणजे बारीक पोताच्या कागदावर इंकजेट प्रिंट आणि फिल्म. दोन, फोटो लॅबमधून काढलेलं सिल्व्हर हॅलाइड ग्लॉसी प्रिंट, ज्याला आपण लॅब प्रिंट म्हणतो, आणि तीच फिल्म. तीन, थेट यूव्ही छपाई. सिलिकॉनसाठी बाहेरच्या लॅबने त्यांचा स्वतःचा तुकडा पाठवला. चारही नमुने जूनच्या मध्यापासून पाच आठवडे काकूंच्या त्याच भिंतीला टेकवून ठेवले. बाहेर पाऊस धो धो, घरात हवेत ओल. परीक्षा घ्यायला याहून चांगले दिवस ठाण्या-नव्या मुंबईत नाहीत.

पहिल्या नमुन्याने पहिल्याच दिवशी निकाल दिला. बॅटरी तिरकी धरली की तिवरांवर राखेसारखी झाक. फिल्मचा गोंद दोन-तीन दिवस बसत जातो आणि थोडी झाक आपोआप जाते, तशी गेलीही, पण पोताच्या खड्ड्यांतली राहिली ती राहिलीच. तिसऱ्या नमुन्याला पावसाने काही केलं नाही. मात्र काळा थोडा तपकिरी वाटत होता आणि हातभर अंतरावरून पक्ष्यांच्या पंखांत शाईचे ठिपके दिसत होते. सिलिकॉनचा काळा सगळ्यांत सुंदर होता, ते मान्य करायलाच हवं. आणि दुसरा नमुना, गुळगुळीत लॅब प्रिंटवरची तीच फिल्म, सिलिकॉनच्या इतका जवळ आला की काकूंना फरक सांगता आला नाही. मला आला, पण दोन्ही शेजारी ठेवल्यावरच.

पहिल्या आणि दुसऱ्या नमुन्यात फिल्म तीच, रोलर तोच, हात तोच. बदलला होता फक्त कागद. लोक 'सिलिकॉन की फिल्म' यावर वाद घालतात, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक बिघाड त्याच्या आधीच, प्रिंट काढताना झालेला असतो. मी स्वतः तो केलाय. सुरुवातीच्या काळात एका कामाची घाई होती म्हणून ग्लॉसी इंकजेट प्रिंट मशीनमधून निघाल्यावर काही तासांतच फेस माउंट केलं. हाताला कोरडं लागत होतं. पण शाईतले सावकाश उडणारे द्रव कागदाच्या थरात दडून होते, त्यांना बाहेर पडायला वाट उरली नाही. दोन महिन्यांनी आभाळात ढगाळ डाग उमटले. गिऱ्हाइकाचे पैसे परत केले आणि तेव्हापासून इंकजेट प्रिंट किमान दोन दिवस उघडं वाळवल्याशिवाय हात लावत नाही.

सिलिकॉनच्या लॅबचा दर आमच्या दराच्या जवळपास तिप्पट होता आणि मुदत गणपतीच्या पलीकडे जात होती. काकू पैसे भरायला तयार होत्या. मीच म्हटलं, "काकू, पाच फुटी असतं तर मीच तुम्हाला तिकडे पाठवलं असतं. तीन फुटांना ती ओढाताण अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहते, फिल्म ती सोसते. आणि फाइल आपल्याकडे आहे. उद्या काही झालंच तर मी पुन्हा करून देईन." ठरलं: ग्लॉसी लॅब प्रिंट, फिल्म, ५ मिलिमीटर कास्ट ॲक्रिलिक, मागे ३ मिलिमीटर एसीपी.

कास्ट, म्हणजे साच्यात ओतून घडवलेलं, असं मुद्दाम लिहितोय. बाजारात स्वस्त मिळतं ते बहुधा एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेलं असतं. त्यात आतला ताण जास्त, कडा कापल्यावर केसासारख्या चिरा लवकर येतात. लेसरने कापलेली कड आरशासारखी दिसते, पण तिच्यातही ताण उरतो आणि स्पिरिटचं फडकं लागलं की ती तडकू शकते. आम्ही चारही बाजूंनी इंचभर जास्त घेऊन आधी सगळे थर जोडतो, मग राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या कापायच्या यंत्रावर, एकत्र कापतो आणि कडा घासून पॉलिश करतो.

जुलैच्या शेवटी काम केलं. आदल्या रात्रीपासून खोलीतला एसी ड्राय मोडवर, प्रिंट आणि ॲक्रिलिक दोन्ही त्याच खोलीत, म्हणजे दोघांची ओल सारखी व्हावी. फरशी पुसून पंखा बंद. ॲक्रिलिकवरचा संरक्षक कागद ओढला की स्थिर विजेने धूळ धावून येते. पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे हा त्रास थोडा कमी असतो, पण आता एसीने खोली कोरडी केली होती, त्यामुळे आयनायझरचा, म्हणजे स्थिर वीज घालवणाऱ्या यंत्राचा झोत सतत चालू ठेवला. फिल्म आधी प्रिंटवर चढवली. मग दिवा आडवा ठेवून मी आणि माझा कारागीर वीस मिनिटं त्यावर वाकलो होतो. सात कण सापडले, टेपच्या टोकाने एकेक उचलले. मग लाइनरची बोटभर पट्टी सोडून ॲक्रिलिकच्या कडेला प्रिंट टेकवलं आणि रोलर फिरवायला घेतला. हा क्षण परत येत नाही. प्रिंट एका केसाने तिरपं गेलं तर शेवटाला बोटभर तिरपं होतं. कारागीर मागून लाइनर ओढत होता, मी पुढून तुकडा सरळ धरला होता. दोघेही बोलत नव्हतो.

तीन दिवस सपाट ठेवून मग कापलं. सगळं मिळून वजन साडेपाच किलोच्या आसपास. मागे ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली, भिंतीपासून बोटभर अंतर राहील अशी, म्हणजे मागे हवा खेळते. पाठीवर कागद, फिल्म, ॲक्रिलिक यांची नावं आणि तारीख लिहिली. फाइलच्या तीन प्रती केल्या, एक भाच्याकडे, एक काकूंच्या मुलीकडे, एक माझ्याकडे.

टांगायला गेलो तेव्हा एकच गोष्ट दोनदा सांगितली. काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही लावायचं नाही. कोरडं फडकंही घासायचं नाही. साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर, आणि तेही हलक्या हाताने. काकूंनी ते फडकं टेबलाच्या खणात वेगळं ठेवलं आणि घरकामाच्या ताईंना माझ्यासमोरच दाखवलं.

या वर्षीचा पाऊस सरल्यावर बॅटरी घेऊन पुन्हा जाऊन आलो. चारही कडा तपासल्या, कुठे सुटलेलं नाही, तिवरांवर झाक नाही. डाव्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा खाली, एक धुळीचा कण आहे. आम्ही सात उचलले, हा आठवा होता. मला तो पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि मी तो काकूंना दाखवलाही होता. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "तो असू दे. त्या पहाटे डासही खूप होते म्हणायचे हे."